चार बोटं आखूड

काजवालीच्या आयुष्यात एकच गुपित होतं आणि ते गेली अडतीस वर्षं कपाटाखाली होतं.

बाकी तिचं सगळं उघड्यावर चालायचं. सकाळची भांडी आवरली की ती गल्लीकडे उघडणाऱ्या मागच्या दाराच्या पायरीवर बसायची, मांडीवर शिंप्याकडून आलेला कोट, आणि दिवस मावळेपर्यंत काजं. यंत्रावर काजं निघायला लागून जमाना झाला, पण भारी कोटाला अजून हाताचंच काज लागतं, आणि हाताचं म्हटलं की शिंपी तिच्याकडेच पाठवतो. "बटण जरा अडून गेलं पाहिजे," ती म्हणायची. "सुळकन गेलं तर ते काज नव्हे, भोक." मान वर न करता ती येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची आणि पावलांवरून माणूस ओळखायची. बाईच्या पोटात काही राहत नाही, अशी तिची ख्याती होती. गल्लीला काय माहीत!

नवरा सुतार. त्याला सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे ते दोरीला टांगलेलं वजन, भिंत सरळ आहे की कललेली ते सांगणारं. तसाच हा माणूस. बोलणं सरळ, चालणं सरळ, आणि कुठलीही गोष्ट तीनदा मापल्याशिवाय करवत उचलायची नाही. पाळणा सांगितला तर बाळ शाळेत जायला लागल्यावर मिळतो, असं लोक म्हणायचे आणि तरी त्याच्याकडेच यायचे. कारण त्यानं केलेलं दार पावसाळ्यात फुगत नसे आणि त्याच्या स्टुलाखाली कधी कागदाची घडी घालावी लागत नसे. डुगडुगणारी वस्तू त्याला बघवायची नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला आणि टेबल हललं, तर गप्पा सोडून हा खाली वाकणार.

दारं, खिडक्या, बाकं, पेट्या, तो सगळं करायचा. फक्त छपराला हात लावायचा नाही. का, ते गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कारण तो स्वतःच सांगायचा.

गोष्ट त्यांच्या घराचीच. ते बांधलं तेव्हा ओळंबा सव्वीस वर्षांचा होता आणि हे त्याचं स्वतःच्या जबाबदारीवरचं पहिलं छप्पर. वडीलही सुतार, आणि साधे नव्हेत, छपराचे सुतार. छपराच्या माथ्याचं आढं उचललं जाताना लांबून बघून किती सरकवायचं ते सांगणारे. ते खाली खाट टाकून बसले होते. वासे बसले. आता त्यांची बाहेरची टोकं एका रेषेत कापायची तेवढी राहिली. छप्पर भिंतीच्या बाहेर किती यावं याचा हिशेब सोपा असतो. पागोळीचं पाणी घराच्या जोत्याच्या, म्हणजे भिंतीखालून बाहेर आलेल्या चौथऱ्याच्या, पलीकडे पडलं पाहिजे. जोत्यावर पडलं तर ते उडून भिंतीवर येतं आणि भिंत जन्मभर ओली राहते. ओळंब्यानं आदल्या दिवशी जोत्याची रुंदी घेतली, त्यात चार बोटं जास्तीची धरली आणि नेमकी तेवढी एक काठी कापून अंगणात ठेवली. सकाळी ती घेऊन वर चढला. भिंतीपासून काठी लावायची, टोकाशी रेघ मारायची, करवत चालवायची. असे चौदा वासे. आपणच मापून ठेवलेली काठी पुन्हा कोण मापतो? दुपारपर्यंत चौदाही टोकं खाली पडली, त्यांच्याबरोबर काठीही, आणि वडिलांनी ते सगळं गोळा करून आंघोळीचं पाणी तापवलं.

पत्रे चढल्यावर आठवड्याभरात एक सर येऊन गेली. पाणी बरोबर जोत्याच्या कडेवर पडत होतं आणि तिथून उडून भिंतीवर येत होतं. वडील उठले, खाली बसून त्यांनी ओली कड निरखली. "चार बोटं," ते म्हणाले. "बरोबर चार बोटं कमी."

कापलेलं लाकूड काही वाढत नाही. सगळं उतरवून पुन्हा करायला ओळंबा तयार होता, पण वडील म्हणाले, "राहू दे तसंच. दिसत राहील." आणि मग गल्लीतल्या चार माणसांसमोर म्हणाले, "माप डोळ्यांत असावं लागतं. तुझ्या नाही. दारं-खिडक्या कर. छपराला हात लावू नकोस."

त्यानं लावला नाही. तीनदा मापायची सवय तेव्हापासूनची. लोक कौतुक करायचे, "काय हो तुमचं माप!" तर हा घराकडे बोट दाखवायचा. "ते बघा. तिथं हात चुकला माझा." दुसरे लोक आपली उंची सांगतात तितक्या सहज. लपवत असता तर काजवालीला सोसलं असतं. पण तो लपवत नसे, आणि ती पायरीवर बसून दर वेळी ऐकत असे.

खरी गोष्ट अशी की हात चुकलाच नव्हता.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि लग्नाला दोन महिने झाले होते. माहेरून एक लाकडी कपाट आलं होतं, चांगलं दणदणीत, पण छप्पर व्हायच्या आधीच वर ताडपत्री टाकून सगळे इथं राहायला आले होते आणि जमीन अजून उंचसखल. कपाट एका पायावर डुगडुगायचं आणि त्याचं दार आपोआप उघडून कुरकुरायचं. सासऱ्यांना ते खपत नसे. "सुनेपेक्षा कपाटच जास्त बोलतं," असं ते एकदा जेवताना म्हणाले. त्या संध्याकाळी ती अंगणात गेली. लाकडांच्या ढिगावर एक सरळ काठी पडली होती. तिनं चार बोटं लावून मापलं, नवऱ्याच्या छोट्या करवतीनं तेवढा तुकडा कापला आणि कपाटाच्या पायाखाली पाचर म्हणून ठोकला. कपाट गप्प झालं. सुताराच्या घरात आपण आपल्या हातानं एक काम केलं, म्हणून तिला इतका आनंद झाला की तो कुणाला सांगायचा नाही असं तिनं ठरवलं. सासरे आपणहून म्हणतील, कुणी केलं हे? मग सांगू.

सर आली त्या दिवशी ती दारात उभी होती. "चार बोटं," असं सासरे म्हणाले आणि तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं, हे तिलाही कळत होतं. पण सासऱ्यांचा आवाज ऐकला की ती आत निघून जायची. उद्या सांगू, म्हणाली. मग पुढच्या महिन्यात. मग लेक पोटात होती, मग लेक लहान होती. उशीर झालेल्या गोष्टीचं एक असतं, ती सांगताना आधी उशिराचा जाब द्यावा लागतो, आणि तो जाब दर वर्षी मोठा होत जातो. अकरा वर्षांनी सासरे अंथरुणाला खिळले. त्यांचे कान पार गेले होते. एका दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा तिनं त्यांच्या उशाशी बसून सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न गाळता. त्यांनी तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. तिनं दिलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले. झाकली मूठ झाकलीच राहिली.

आता हे सगळं वर यायचं कारण लेक. लेक मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. या खेपेला आली तेव्हा तिनं कपाटामागच्या भिंतीला बोट लावलं आणि वाळूसारखा गिलावा तिच्या हातात आला.

"आई, अगं भिंत आहे की पापुद्रा? बुरशी आहे ही सगळी. रोज तुम्ही हे श्वासात घेताय."

"अडतीस वर्षं घेतोय. मेलो का?"

"आणि संध्याकाळी तुझ्या डोळ्यांवर ऊन येतं ते? पाणी गळतं डोळ्यांतून तुझ्या, मी बघते ना. ते काही नाही. मागचं छप्पर हातभर वाढवायचं. भिंत वाळेल आणि तुला सावली होईल."

"वाढव की," ओळंबा म्हणाला. "चांगला विचार आहे. पण माणूस बाहेरून आण. छपराला मी हात लावत नाही."

लेकीनं कंत्राटदार ठरवला आणि ती आपल्या कामावर परत गेली. हा चाळिशीचा, कमरेला टेप, हातात बॅटरीचा ड्रिल, तोंड सतत चालू. शिडी लावून तो वर गेला, पत्र्याखाली डोकं घातलं आणि पहिल्यांदाच गप्प झाला. मग वरूनच म्हणाला, "काका, कुणी केलंय हो हे छप्पर? सांधे बघा! आत केस जायचा नाही. आजकाल असं काम बघायला मिळत नाही." मग त्याची नजर टोकांकडे गेली. "आणि इथं मात्र आखूड. गंमतच आहे. सांधे एकाचे आणि टोकं दुसऱ्याच कुणाची वाटतात."

"दोन्ही माझंच," खाली उभा असलेला ओळंबा म्हणाला. "टोकांना हात चुकला."

काजवालीची सुई तिच्या बोटात रुतली.

कंत्राटदार ओशाळला आणि कामाचं बोलू लागला. उतार आहे तसाच पुढे नेला तर कड इतकी खाली येईल की दारातून निघणाऱ्याच्या कपाळाला लागेल, हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण उपाय सुचत नव्हता. ओळंबा थोडा वेळ ऐकत राहिला. "नव्या तुकड्याच्या पाठीवर निमुळती पट्टी ठोक," तो म्हणाला. "पुढं जाईल तशी जाड होणारी. म्हणजे शेवटचा हातभर पत्रा वर उचलला जाईल. आणि तुकडे नुसते टोकाला जोडू नकोस, कड लोंबेल. जुन्या वाशाला बिलगून आत घे. बाहेर जेवढं, आत त्याच्या दुप्पट."

"काका, तुम्हाला तर छपरातलं सगळं कळतं!"

"कळतं. करत नाही."

तर मग आतून भिंतीलगतची जागा मोकळी लागणार, म्हणजे कपाट हलवावं लागणार. परवा सकाळी येतो, तेवढं कपाट बाजूला घेऊन ठेवा, असं सांगून कंत्राटदार गेला.

दुसऱ्या दिवशी ओळंबा कुणाच्या घरी दार बसवायला गेला. काजवालीनं आतून कडी लावली. चोराच्या मनात चांदणं. कुणीही येणार नव्हतं. तिनं कपाटातले कपडे काढले, फळ्या काढल्या, पहार आणली आणि कपाटाच्या पायाखाली घालून जोर दिला. सत्तावन्न वर्षांच्या बाईनं एकटीनं हे करू नये. पण तिनं केलं, आणि पायानं पाचर बाहेर ओढली. कपाट धप्पकन खाली बसलं आणि त्याचं दार कुरकुरत उघडलं. हा आवाज तिनं अडतीस वर्षांत ऐकला नव्हता.

तुकडा काळा पडला होता. एका टोकाला तिनं कापलेला दातेरी काप, दुसऱ्या टोकाला त्याचा, आरशासारखा गुळगुळीत. त्या गुळगुळीत टोकाजवळ पेन्सिलीचा एक बाण आणि बाजूला फुली. ही त्याची खूण, बाहेरची बाजू दाखवणारी. अजूनही तो प्रत्येक लाकडावर हीच करायचा. ठोकताना ही बाजू खाली गेली होती, म्हणून पुसली गेली नव्हती.

आता काहीच अडचण नव्हती. तुकडा शेगडीत टाकायचा, लाकडाची दुसरी एखादी ढलपी कपाटाखाली ठोकायची, संपलं. तिनं शेगडीकडे पाहिलंही. मग तुकडा दोऱ्यांच्या डब्यात ठेवला आणि कोट मांडीवर घेतला. तासाभरात एकच काज झालं. बटण घालून पाहिलं तर ते सुळकन गेलं.

तिनं काज उसवलं. सांधे एकाचे आणि टोकं दुसऱ्याची, हे त्या परक्या माणसाला दोन मिनिटांत दिसलं होतं. स्वतः करणाऱ्याला मात्र दिसत नव्हतं, कारण त्याला कुणी दिसू दिलं नव्हतं. हे तिला आधीही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं.

तो चार वाजता आला. हातपाय धुऊन आत आला तेव्हा कपाटाचं दार सताड उघडं आणि सामान जमिनीवर.

"एकटीनं हलवलंस? कंबर मोडून घ्यायचीय?"

"हे बघा," ती म्हणाली आणि तुकडा त्याच्या हातात दिला.

त्यानं तो उलटा-सुलटा केला. बाण दिसला तसा तो थांबला. अंगठ्यानं गुळगुळीत टोक चाचपलं, मग दातेरी टोक. मग डाव्या हाताची चार बोटं तुकड्यावर ठेवली. त्याची बोटं जाड, तिची बारीक. तुकडा थोडा कमी पडला.

"माझ्या बोटांनी मापला होता," ती म्हणाली. "कपाट डुगडुगत होतं. मला नव्हतं माहीत ती कसली काठी आहे."

तो खाली बसला. मग म्हणाला, "म्हणजे माप बरोबर होतं."

"हो."

"बरोबरच मापलं होतं मी."

"हो."

"बाबा होते तेव्हा का नाही सांगितलंस?"

"भ्यायले."

"आणि गेल्यावर?"

"मग जास्तच भ्यायले." तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि या वेळी ऊन नव्हतं. "मामंजींना मी सांगितलं होतं. शेवटी शेवटी. सगळं सांगितलं. पण त्यांना ऐकू येत नव्हतं तेव्हा."

ओळंब्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. तुकडा खिशात घालून तो अंगणातल्या कामाच्या शेडमध्ये गेला. ओरडला असता, ताट भिरकावलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं. पण तो जेवायला आला, जेवला, आणि पानावरून उठला. कपाटाचं दार अधूनमधून कुरकुरत होतं. डुगडुगणारी वस्तू ज्याला बघवत नाही, तो माणूस त्या आवाजात शांत बसून होता. तिला त्याचीच भीती वाटली.

सकाळी कंत्राटदार आला तेव्हा ओळंबा शिडीवर होता.

"काका, खाली या! पडाल! मी कशाला आहे?"

"पत्रे तुझे," ओळंबा वरून म्हणाला. "लाकूड माझं. ते तुकडे एकेक करून वर दे."

चौसष्टाव्या वर्षी, अडतीस वर्षांनी, तो छपरावर चढला होता. गुडघे बोलत होते, पण हात बोलत नव्हते, ते काम करत होते. दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत चौदाही तुकडे जुन्या वाशांना बिलगून आतपर्यंत गेले, खिळे बसले, निमुळत्या पट्ट्या बसल्या. कंत्राटदारानं दोनदा ड्रिल पुढे केला आणि दोनदा परत घेतला. आता टोकं एका रेषेत कापायची राहिली.

"टेप देऊ?" त्यानं विचारलं.

"नको." ओळंब्यानं एक नवी काठी काढली. पहाटे शेडमध्ये कापलेली होती. मग खिशातून तो काळा तुकडा काढला आणि काठीच्या टोकाला लावून दोन बारीक खिळे ठोकले. "हातभर लेकीनं सांगितलंय," तो म्हणाला. "ही चार बोटं माझी."

मग त्यानं खाली पाहिलं. काजवाली अंगणात उभी होती, काय करावं हे न कळून, हातात नुसता पाण्याचा तांब्या.

"तू ये. त्या स्टुलावर चढ. काठीचं हे टोक भिंतीला धर. घट्ट."

ती चढली. स्टूल त्याचंच, हललं नाही. तिनं काठी जुन्या ओल्या भिंतीला टेकवली. त्यानं दुसऱ्या टोकाशी, काळ्या तुकड्याच्या कडेला, रेघ मारली.

"बरोबर आहे का बघ."

तिला मापातलं काय कळणार! पण काठीचं टोक भिंतीला लागलेलं तिला दिसत होतं.

"बरोबर," ती म्हणाली.

करवत चालली. टोक खाली पडलं. तो पुढच्या वाशाकडे सरकला, कंत्राटदारानं स्टूल सरकवलं, ती पुन्हा चढली. पुन्हा काठी, पुन्हा रेघ. "बरोबर?" "बरोबर." तिसरा, चौथा, पाचवा. एकदाही त्यानं तीनदा मापलं नाही. नवव्या वाशाला तिचं "बरोबर" अर्धवटच उमटलं. तो करवत हातात घेऊन थांबून राहिला. तिनं पुन्हा म्हटलं, तेव्हा त्यानं कापलं.

चौदावा वासा आला. तोपर्यंत समोरच्या घरातली दोन माणसं दारात येऊन उभी होती, आणि वळणावरचा किराणावालाही गिऱ्हाईक सोडून बघत होता. ओळंबा छपरावर चढलाय, हे बघायला गल्ली येणारच. त्यानं रेघ मारली. कपाळावरचा घाम बाहीनं पुसला.

"बरोबर आहे?"

"बरोबर," ती म्हणाली.

त्यानं करवत टेकवली नाही.

"मोठ्यानं म्हण," तो म्हणाला. "बाबांना ऐकू कमी यायचं."

काजवालीनं लग्न होऊन आल्यापासून त्या अंगणात कधी आवाज चढवला नव्हता. तिनं एका हातानं काठी भिंतीला दाबून धरली, श्वास घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "बरोबर आहे!"

मग त्यानं शेवटचं टोक कापलं.